पेस्टो शिजवायचा नसतो, वाटायचा असतो

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत झटपट घरगुती पेस्टो पास्त्याची कृती आली आहे. विषय चांगला निवडलात. शाळा-कॉलेजातली मुले हा पदार्थ हमखास मागतात आणि तो घरी अर्ध्या तासात होतो. पण छापलेल्या कृतीत तुळशीची पाने पाणी घालून वाटायला सांगितली आहेत, ते वाटण लसणाच्या फोडणीत पाच मिनिटे परतायचे, वर क्रीम ओतायचे आणि उकडलेला पास्ता नळाखाली धुऊन घ्यायचा, असे लिहिले आहे. या सगळ्याच गोष्टी चुकीच्या आहेत. तसे केले तर ताटात काळपट, कडसर गिचका येईल आणि जिने साहित्यावर पैसे घातले ती पुन्हा या पदार्थाच्या वाटेला जाणार नाही. खानदेशातल्या स्वयंपाकघराला तर हे सहज जमायला हवे. दगडी खल, शेंगदाणे, लसूण, हिरवा पाला यांपैकी काहीच आपल्याकडे नवे नाही. म्हणून जरा सविस्तर लिहीत आहे.

पेस्टो हा इटलीच्या लिगुरिया भागातला, जेनोव्हा शहराचा पदार्थ. ‘पेस्तारे’ म्हणजे ठेचणे, कुटणे, त्यावरून हे नाव पडले. संगमरवरी खल, लाकडी बत्ता आणि सात जिन्नस: बेसिलची कोवळी पाने, चिलगोजे, लसूण, खडे मीठ, ऑलिव्ह तेल आणि पार्मेसान व पेकोरिनो ही दोन कडक चीज. म्हणजे आपल्या ठेच्याचाच हा भाऊबंद, पण एक फरक लक्षात ठेवायचा. ठेच्याची मिरची आपण तव्यावर परतून घेतो. पेस्टोचे पान मात्र आचेजवळही जात नाही. त्याला जी ऊब मिळते ती गरम पास्त्याची, तेवढीच. पाने परतली की त्यांतली सुगंधी तेले वाफेबरोबर निघून जातात, हिरवा रंग खाकी होतो, चीज आटून त्याच्या तारा आणि गोळ्या होतात, आणि मागे राहते ती उकडलेल्या पालेभाजीची चव. फोडणी आपल्या हाताला इतकी सवयीची आहे की चूक होते ती इथेच.

आता पान कोणते घ्यायचे ते. देवापुढची तुळस आणि बेसिल एकाच कुळातल्या असल्या तरी वनस्पती वेगळ्या. तुळशीत लवंगेसारखा तिखट, जीभ बधिर करणारा अर्क असतो. काढ्यात चार पाने ठीक, पण साठ ग्रॅम पाने कच्ची वाटून खायची म्हटले तर घास घशाखाली उतरणार नाही. शिवाय अंगणातली वृंदावनाची तुळस ओरबाडून चटणी करावी, हे आपल्याकडे कोणाला रुचेल असे वाटत नाही. बेसिलचा आपल्या परिचयाचा नातेवाईक म्हणजे सब्जा. फालुद्यात, सरबतात भिजवून घालतो ते सब्ज्याचे बी बेसिलच्याच जातीचे. किराणा दुकानातून आणलेले कोरडे बी, न भिजवता, कुंडीत भुरभुरून वर पातळसा मातीचा थर द्यावा. भिजवलेले बी चिकट होऊन गोळ्याने पडते आणि रोपे दाटीने येतात. बी ताजे असेल तर आठ-दहा दिवसांत उगवते. सहा पाने आली की शेंडा खुडावा, म्हणजे फांद्या फुटतात. दीड-दोन महिन्यांत पहिली तोडणी मिळते. तुरे दिसले की लगेच काढून टाकावेत. फुलोऱ्यावर गेलेल्या झाडाची पाने लहान आणि कडू होतात.

खानदेशात पेरणीची वेळ पाळावी लागते. एप्रिल-मेच्या उन्हात, पारा चाळिशीच्या वर असताना, कोवळे रोप करपते. तेव्हा दुपारची सावली किंवा हिरवी जाळी हवी. जूनअखेरची आणि ऑक्टोबरमधली पेरणी चांगली साधते. डिसेंबर-जानेवारीत धुळे-जळगावकडे रात्री पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा कुंडी भिंतीच्या आडोशाला घ्यावी, कारण बेसिलला थंडी मुळीच सोसत नाही. हेच कारण तोडलेल्या पानांनाही लागू आहे. फ्रीजमध्ये ठेवलेली बेसिलची जुडी दुसऱ्या दिवशी काळी पडते ती गारठ्याने. देठ पाण्याच्या पेल्यात बुडवून जुडी ओट्यावर ठेवली तर दोन-तीन दिवस टवटवीत राहते.

देशी सब्ज्याला इटालियन बेसिलपेक्षा लिंबासारखा, कधी बडीशेपेसारखा, कधी कापरासारखा वास जास्त असतो. म्हणून एक पान चावून पाहावे. कापराची झाक तीव्र असेल तर सब्जा निम्मा आणि कोथिंबीर निम्मी घ्यावी. बेसिल, सब्जा काहीच नसेल तर कोवळ्या देठांसकट ८० ग्रॅम कोथिंबीर आणि १० ग्रॅम पुदिना घ्यावा. पुदिना याहून वाढवला की चव चटणी-सँडविचची होते. मेथी घालू नये, कच्ची वाटली की कडवटपणाच पुढे येतो. जेनोव्हाचा माणूस कोथिंबिरीच्या वाटणाला पेस्टो म्हणणार नाही, आणि त्याचे बरोबर आहे. तिथल्या बेसिलला युरोपात २००५ पासून संरक्षित नाव आहे. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तसेच ते. पण रीत तीच ठेवली तर कोथिंबिरीचा पास्ताही फार चांगला होतो.

चिलगोजा महाग, किलोला काही हजार रुपये पडतो, आणि दुकानात पडून राहिलेला बहुधा खवट निघतो. काजू चालतो, अक्रोड चालतो (त्याची साल थोडी तुरट लागते). आपल्याकडे सगळ्यांत योग्य म्हणजे शेंगदाणे. मात्र चिवड्यासाठी किंवा कुटासाठी भाजतो तसे खरपूस भाजू नयेत. मंद आचेवर सात-आठ मिनिटे, फक्त साल सुटेपर्यंत. दाणा आतून पांढराच राहिला पाहिजे. जास्त भाजला तर पेस्टोला दाण्याच्या चटणीची चव येते आणि पानाचा वास दबतो. भाजून पूर्ण गार करावेत, सालं पाखडून काढावीत. गरम दाणे मिक्सरला लावले की तेल सुटून लगदा होतो. काळे पडलेले, सुरकुतलेले, बुरशीचा वास येणारे दाणे वेचून फेकून द्यावेत. भाजल्याने बुरशीचे विष जात नाही. पाहुण्यांत कोणाला दाण्याची ॲलर्जी असेल तर आधी विचारावे. अशा वेळी भोपळ्याच्या किंवा सूर्यफुलाच्या सोललेल्या बिया वापरता येतात.

तेल कच्चेच पोटात जाते, म्हणून त्यात काटकसर करू नये. ऑलिव्ह तेल घेणार असाल तर ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ घ्या. ‘पोमेस’ लिहिलेले स्वस्त तेल तळणाचे, त्याला चव नसते. घाण्यावरचे ताजे शेंगदाणा तेलही चालते, पण त्याचा वास उग्र असतो. त्यामुळे निम्मे घाण्याचे आणि निम्मे बिनवासाचे रिफाइंड असा मेळ बरा पडतो. मोहरीचे किंवा तिळाचे तेल नको.

चीजबद्दल बऱ्याच घरांत शंका असते आणि ती रास्त आहे. अस्सल पार्मिजानो, म्हणजे इटलीतले मूळ पार्मेसान, वासराच्या जठरातल्या रेनेट नावाच्या अर्काने विरजवतात, तसा तिथला नियमच आहे. शाकाहारी घरांनी पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहून भारतात बनलेले पार्मेसान प्रकारचे कडक चीज घ्यावे. तेही न मिळाल्यास साधे प्रोसेस्ड चीज बारीक किसून ४० ग्रॅम घेता येते, पण त्यात मीठ आणि चिकटपणा दोन्ही जास्त असतात. म्हणून वाटणात वेगळे मीठ घालू नये आणि चीज मिक्सरमध्ये मुळीच फिरवू नये, रबरासारखे होते. पनीर ओले असते आणि बेचवही, ते इथे कामाचे नाही.

चार माणसांचे माप असे. बेसिल किंवा सब्ज्याची नुसती पाने ६० ग्रॅम, म्हणजे सैलसर भरलेल्या साधारण चार वाट्या. शेंगदाणे ३५ ग्रॅम, म्हणजे पाव वाटीला थोडे कमी. किसलेले कडक चीज ५० ग्रॅम, तेल ८० मिली, खडे मीठ पाव चमचा. लसूण मोठी एकच पाकळी. आपला गावरान लसूण बारीक पण झणझणीत, त्याच्या दोन-तीन पाकळ्या पुरतात. त्यापेक्षा जास्त घालू नये, कच्च्या लसणाचा तिखटपणा वाटून ठेवल्यावर तासागणिक वाढतो. पाकळीत हिरवा कोंब असेल तर काढावा. जैन घरांत लसूण वगळून ताजी मिरपूड घालावी, चव उणी पडत नाही. पास्ता कोरडा असताना ३५० ग्रॅम.

पाने धुऊन सुती पंच्यावर पसरावीत आणि पूर्ण कोरडी होऊ द्यावीत. पाण्याचा थेंबही नको, वाटताना तर नाहीच नाही. पेस्टो सैल होतो तो तेलाने. पाणी घातलेले वाटण फुटते, लवकर काळे पडते आणि लवकर आंबते.

काळे पडण्याचे कारण आपल्या रोजच्या पाहण्यातले आहे. वांगे चिरून ठेवले की जसे काळवंडते, तसेच चिरडलेले पान हवेशी भेटले की काळवंडते. दोन्हीकडे काम तेच विकर (एन्झाइम) करते. मिक्सरची पाती तापली की हे काम आणखी जोरात चालते, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात ओटासुद्धा तापलेला असतो. म्हणून चटणीचे भांडे पात्यासकट पंधरा मिनिटे फ्रीझरमध्ये ठेवावे. आधी दाणे, लसूण आणि मीठ भरड फिरवावे. मग पाने आणि निम्मे तेल घालून तीन-तीन सेकंदांचे झटके द्यावेत, मध्ये थांबून कडा खरवडाव्यात. सलग अर्धा मिनिट मिक्सर चालवला की झालाच काळा. सात-आठ झटक्यांत वाटण भरड राहून एकजीव होते. त्याला दाणेदारपणा हवा, गंधासारखे गुळगुळीत करायचे नाही. बाहेर काढून उरलेले तेल आणि चीज चमच्याने कालवावे. ऑलिव्ह तेल पात्यांखाली फार फिरले की कडवट होते, हेही तेल शेवटी घालण्याचे कारण.

हिरवा रंग दुसऱ्या दिवसापर्यंत टिकवायचा असेल तर एक उपाय आहे. पाने उकळत्या पाण्यात मोजून दहा सेकंद बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकावीत आणि पंच्यात घट्ट पिळून काढावीत. ते विकर उष्णतेने निकामी होते, रंग पोपटी राहतो. पण सुगंध थोडा कमी होतो. लगेच खायचे असेल तर हे करू नये. रंगासाठी लिंबू पिळण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. लिंबाने काळेपणा थांबतो खरा, पण आंबट रसात हिरवा रंग तासा-दोन तासांत शेवाळी होतो. लिंबू हवे तर ताटात घ्यावे.

वीज नसेल तर खल आहेच, आणि चव खलातलीच सरस. पाती पान कापतात, बत्ता पान चेचतो, म्हणून त्यातला अर्क नीट सुटतो. खल दगडी हवा. लोखंडी खलात पाला काळा पडतो. लाल तिखट कुटलेला खल असेल तर आधी त्यात मूठभर तांदूळ कुटून टाकून द्यावेत, नाहीतर पेस्टोला मिरचीचा वास लागतो. लसूण आणि खडे मीठ आधी मऊ करावे, मग दाणे, मग पाने मूठमूठभर. बत्ता वरून आपटायचा नाही, खलाच्या भिंतीवर पाने दाबत गोल फिरवायचा. मिठाचे खडेच पाने फाडण्याचे काम करतात. बारा-पंधरा मिनिटे लागतात. शेवटी चीज आणि तेल.

पास्ता घेताना पाकिटावर ‘ड्युरम गव्हाचा रवा’ हे शब्द शोधा. आपला बन्सी गहू या ड्युरम जातीतलाच. मैद्याचा किंवा साध्या रव्याचा सुटा पास्ता स्वस्त असतो, पण एक मिनिट जास्त झाला की पिठूळ होतो, त्यामुळे तो पाचव्या मिनिटापासून चाखत राहावा. मोठ्या पातेल्यात साडेतीन लिटर पाणी खळखळ उकळावे, त्यात लिटरला १० ग्रॅम, म्हणजे लिटरला सपाट दोन छोटे चमचे मीठ घालावे. हे मीठ बरेचसे पाण्याबरोबर जाते, घाबरू नये. नुसते वरून मीठ टाकले तर पास्ता आतून अळणीच राहतो. प्रोसेस्ड चीज वापरणार असाल तर मीठ निम्मे करा. बोअरच्या जड पाण्यात पास्ता जास्त चिकट होतो, अशा पाण्यात अर्धा चमचा लिंबाचा रस घालावा. पाण्यात तेल घालण्याची पद्धत मात्र सोडून द्यावी. ते पाण्यावर तरंगते, निथळताना पास्त्याला लागते आणि मग पेस्टो त्यावरून घसरतो. चिकटू नये म्हणून पहिली दोन मिनिटे झाऱ्याने ढवळणे पुरेसे असते.

पाकिटावरच्या वेळेपेक्षा एक मिनिट आधी एक तुकडा तोडून पाहावा. मधोमध टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका दिसला की झाले, उरलेले काम पास्ता स्वतःच्या उष्णतेवर करतो. निथळण्याआधी वाटीभर पाणी बाजूला काढून ठेवणे विसरू नये. हे पाणी भाताच्या पेजेसारखे असते, त्यात पिष्ट (स्टार्च) असते. त्या पिष्टामुळेच तेल, चीज आणि पाणी एकत्र धरले जाते. म्हणूनच पास्ता नळाखाली धुणे घातक. ज्याच्या आधाराने पेस्टो चिकटायचा तेच वाहून जाते, वर पास्ता गारही होतो.

गॅस बंद करावा. रुंद पातेल्यात किंवा परातीत पेस्टो घेऊन त्यात तीन-चार मोठे चमचे हे गरम पाणी घालून सैल करावा, मग निथळलेला पास्ता टाकून खालून वर असा हलवावा. घट्ट वाटला तर चमचाभर पाणी आणखी. प्रत्येक तुकड्यावर चकचकीत पातळ थर बसला आणि तळाशी तेल वेगळे दिसले नाही की जमला. तळाशी तेल साचले तर पाणी कमी पडले. चिजाच्या गुठळ्या झाल्या तर पातेले आचेवर राहिले. पाच मिनिटांत तो आळतो, म्हणून मंडळी पानावर बसल्यावरच कालवावा.

क्रीमची गरज का नाही, याचे उत्तर जेनोव्हाच्याच रिवाजात आहे. तिथे पास्त्याच्या पाण्यातच बटाटा आणि फरसबी शिजवतात. १५० ग्रॅम बटाट्याच्या सेंटीमीटरभर फोडी पास्त्याआधी पाच मिनिटे, आणि १५० ग्रॅम फरसबीचे बोटभर तुकडे पास्त्याबरोबरच टाकावेत. फरसबी नसेल तर चवळीच्या कोवळ्या शेंगा घ्याव्यात. गवार नको, तिचा कडवटपणा वर येतो. बटाट्याच्या कडा थोड्या विरघळून पेस्टोला असा मऊपणा देतात की क्रीमची आठवण होत नाही, मुलांच्या पोटात भाजी जाते आणि गॅसही एकदाच लागतो. भाज्या घालणार असाल तर पास्ता २५० ग्रॅम पुरे. क्रीम घातले तर पानाची चव पुसली जाते, मग बेसिल वाढवण्याचे कष्ट कशाला?

डब्यासाठी दोन सूचना. नळीचा किंवा पीळदार पास्ता घ्यावा, लांब शेवया डब्यात गोळा होतात. कालवताना नेहमीपेक्षा दोन चमचे पाणी जास्त घालावे आणि डबा पूर्ण गार झाल्यावरच बंद करावा, नाहीतर वाफेने पेस्टो काळा पडतो. उरलेला पास्ता पुन्हा गॅसवर परतू नये, गरम पाण्याचा हबका मारून हलवून घ्यावा.

शेवटची गोष्ट सुरक्षिततेची आहे, आणि ती आपल्या कृतीत चुकली तर नुकसान मोठे. तिथे ‘तेलाचा थर देऊन बरणी महिनाभर बाहेर टिकते’ असे छापले आहे. लोणच्यात मीठ आणि आंबटपणा भरपूर असतो म्हणून ते टिकते. पेस्टोत दोन्ही तेवढे नसते. कच्चा लसूण आणि ओला पाला तेलाखाली हवाबंद झाला, तर बाहेरच्या तापमानाला त्यात बोट्युलिझम या विषबाधेचे जंतू वाढू शकतात. त्यांच्या विषाला वास नाही, चव नाही आणि ते जिवावर बेतू शकते. तेलाच्या थराने रंग टिकतो, पदार्थ सुरक्षित होत नाही. पेस्टो स्वच्छ कोरड्या बरणीत, वर तेल ओतून, फ्रीजमध्येच ठेवावा आणि तीन-चार दिवसांत संपवावा. जास्त केला असेल तर चीज न घालता बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवावा, तीन-चार महिने राहतो. दोन माणसांना तीन-चार खडे लागतात. ते फ्रीजमध्येच सुटू द्यावेत, चीज आयत्या वेळी घालावे.

पुढच्या रविवारी बाकी सर्व दुरुस्त्या छापणे जागेअभावी शक्य नसेल तर समजू शकते. पण बरणीचे ते एक वाक्य आणि तुळशीच्या जागी सब्जा, एवढे दोन बदल ठळकपणे छापावेत ही विनंती. आणि यापुढे पाककृती देताना ‘एक जुडी’, ‘थोडे तेल’ याऐवजी ग्रॅम-मिलीत माप द्यावे. भुसावळची जुडी आणि शहाद्याची जुडी सारखी नसते.

आपली,
पाकवर्ग घेणारी एक वाचक, जळगाव